थिबा राजवाड्यातली ती 30 वर्षे

पुण्यात स्थायिक झालेल्या आम्हा रत्नागिरीकरांमध्ये थिबा राजवाड्याचे छायाचित्र फिरू लागले की 'ब्रह्मदेशाचा राजा याच वाड्यात 30 वर्षे कैदेत होता' हे वाक्य त्याखाली हटकून येते. ते चुकीचे आहे. 1885 मध्ये मंडालेत पदच्युत झालेल्या थिबा राजाला इंग्रजांनी आधी मद्रासला नेले आणि एप्रिल 1886 मध्ये रत्नागिरीत आणले, हे खरे. परंतु भाट्ये खाडीकडे पाहणारा हा वाडा बांधून झाला तो 1910 मध्ये, आणि डिसेंबर 1916 मध्ये राजाचे निधन झाले, म्हणजे त्याच्या वाट्याला तो जेमतेम 6 वर्षे आला. तोवर राजपरिवार सरकारने दिलेल्या बंगल्यांतच राहत होता. बंदिवास 30 वर्षांचाच, पण तो रत्नागिरीतला, वाड्यातला नव्हे.

कोथरूडमधल्या एका घरी, जुन्या अल्बमात, वाड्याच्या फोटोमागे पेन्सिलीने '1886' असे लिहिलेले मी पाहिले (वाडा उभा राहण्याच्या तब्बल 24 वर्षे आधीचे साल!). अशा वेळी खोडरबर हाती घेऊ नये. मूळ नोंद तशीच ठेवून, तिच्या शेजारी दुरुस्ती आणि ती केल्याची तारीख लिहावी.