हवानातला बाता काय बोलतो?

नैर्ऋत्य नायजेरियात बोलल्या जाणाऱ्या योरुबा भाषेत ‘इग्बा’ची दोन्ही अक्षरं मधल्या सुरात म्हटली तर अर्थ होतो दोनशे. दुसरं अक्षर चढवलं की भोपळ्याचं भांडं. दोन्ही खाली उतरवली की काळ. खालचा, मधला आणि वरचा अशा तीन सुरांवर तिथे शब्दाचा अर्थ ठरतो आणि म्हणूनच ढोलाच्या कातड्यावर हे सूर काढणारा वादक खरोखर बोलू शकतो. स्वर-व्यंजनं मात्र त्यातून नीट उमटत नाहीत. सुटा शब्द वाजवला तर गोंधळ उडेल, म्हणून वादक लोकांना पाठ असलेली लांब स्तुतिवचनं, ओरिकी, वाजवतात. सुरांची चाल ओळखीची वाटली की ऐकणाऱ्याला शब्द आपोआप आठवतात.

बाता हे असंच एक बोलकं वाद्य. लाकडी खोड, एक तोंड मोठं, एक लहान, दोन्हींवर कातडं. विजेचा देव शांगो याच्या उपासनेत त्याला मानाचं स्थान आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात योरुबांचं ओयो साम्राज्य कोसळलं, युद्धं पेटली आणि पकडलेले हजारो योरुबा लोक गुलाम म्हणून विकले गेले. त्यातले पुष्कळ क्यूबाच्या उसाच्या मळ्यांवर पोचले. फर्नांदो ओर्तिस या क्यूबन अभ्यासकाने लिहून ठेवलेल्या आख्यायिकेनुसार, मळ्यावर गाडीखाली पाय सापडून जायबंदी झालेला आन्याबी नावाचा योरुबा गुलाम राजधानी हवानात उपचार घेत असताना त्याच्या कानावर ओळखीचा ठेका पडला. पुढे त्याला आतान्दा नावाचा जाणकार भेटला आणि १८३०च्या सुमारास त्या दोघांनी बात्यांचा पहिला विधिवत अभिमंत्रित संच तयार केला.

नायजेरियात बाता गळ्यात अडकवून उभ्याने वाजवतात, लहान तोंडावर चामड्याची पट्टी आणि मोठ्यावर तळहात. क्यूबात वादक बसतो, बाता मांडीवर आडवा घेतो आणि दोन्ही बाजू हातांनीच वाजवतो. याहून मोठा बदल माणसांच्या नात्यांत झाला. योरुबांमध्ये हे काम घराण्यांचं, आणि त्या घराण्यांतली नावं ‘आयान’ने, म्हणजे वाद्यात वसणाऱ्या देवतेच्या नावाने सुरू होतात. गुलामगिरीत घराणी उद्ध्वस्त झाली. क्यूबात तीच देवता ‘आन्या’ झाली आणि रक्ताच्या नात्याची जागा दीक्षेने घेतली. या सगळ्या कहाणीत मला हेच सर्वांत थोर वाटतं: घरच उरलं नाही तेव्हा त्यांनी वाद्याभोवती नवं कूळ उभं केलं.

भाषा मात्र टिकली नाही. रोजचं बोलणं स्पॅनिश झालं, आणि स्पॅनिशमध्ये सुराने शब्दाचा अर्थ बदलत नाही. जुने शब्द गाण्यांत आणि प्रार्थनांत राहिले, पण त्यांचे सूर ऐकून अर्थ लावणारा कान हरपला. तरीही तीन बात्यांचा संवाद चालूच आहे. सर्वांत मोठा ‘इया’, म्हणजे आई, हाक देतो. मधला ‘इतोतेले’ उत्तर देतो. धाकटा ‘ओकोन्कोलो’ ठेका सांभाळतो. तीन वाद्यांची सहा तोंडं मिळून एकच चाल विणतात. देवापुढे जसं वाजवायचं तसंच वाजवायचं, या दंडकामुळे शब्दांचा अर्थ गेल्यावरही रचना पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिल्या. याला नुसता ऱ्हास म्हणणं मला पटत नाही.

कातड्यातून सूर निघतो कसा, हाही प्रश्न आहेच. तारेचे उपस्वर, म्हणजे मूळ स्वरासोबत उमटणारे वरचे स्वर, त्याच्या दुप्पट, तिप्पट अशा पूर्ण पटींत येतात. सारख्या ताणलेल्या गोल कातड्याचे १.५९ पट, २.१४ पट असे अडनिडे येतात, त्यामुळे कानाला नेमका सूर सापडत नाही. इयाच्या मोठ्या तोंडावर मेणचट लेप लावतात. नायजेरियात त्याला ‘इदा’ म्हणतात, क्यूबात ‘इदा’ किंवा ‘फार्देला’. वजन वाढलं की कातडं सावकाश कंप पावतं, सूर खाली उतरतो आणि वरचे चरचरीत उपस्वर दबतात. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावतात, ती याच भौतिकीसाठी. इथे कुणी कुणाकडून शिकल्याचा प्रश्न नाही, कातडं सगळीकडे सारखंच वागतं. तबला-मृदंगाची शाई त्यापुढचं काम करते. मधोमध नेमक्या जाडीच्या थरांत बसवलेल्या शाईमुळे उपस्वर जवळजवळ पूर्ण पटींत येतात, हे सी. व्ही. रामन आणि शिवकाली कुमार यांनी १९२० साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात मांडलं होतं.

१९३६ साली ओर्तिस यांच्या पुढाकाराने हवानात बाता प्रथमच जाहीर कार्यक्रमात वाजला. वादकांचे प्रमुख होते पाब्लो रोचे. देवघरातली वाद्यं रंगमंचावर आणायची नाहीत, म्हणून अभिमंत्रित न केलेला वेगळा संच वापरला गेला. अशा संचांमुळेच बाता पुढे नाट्यगृहांत, जॅझमध्ये आणि न्यूयॉर्कपर्यंत पोचला. आता अभ्यासक उलट दिशेने निघाले आहेत. क्यूबातल्या रचनांमधले सुरांचे चढउतार ते योरुबा वादकांच्या वचनांशी ताडून पाहतात, आणि हवानात आजही वाजणाऱ्या एखाद्या हाकेमागे मूळचं वाक्य कोणतं होतं, याचा माग काढतात.