बोंगाबोनचा कांदा आणि आयातीचा परवाना : पार्श्वभूमी

फिलिपिन्समधली 'मुनिसिपालिटी' म्हणजे आपली नगरपालिका नव्हे. बाजारपेठ, शेतं, ओढे, डोंगरउतार असा सगळा मुलूख तिच्या हद्दीत येतो. छोट्या तालुक्यासारखी, फक्त कारभाराला निवडून आलेला मेयर. लुझोन बेटावर नुएवा एसिहा प्रांताच्या पूर्वेला, सिएरा माद्रे डोंगररांगेच्या पायथ्याशी असलेलं बोंगाबोन हे असंच, 28 बारांगायांचं (बारांगाय म्हणजे तिथला सर्वांत लहान प्रशासकीय विभाग, आपल्या गावा-वाडीसारखा). देशातला निम्म्याहून अधिक कांदा या एका प्रांतात पिकतो आणि 'कांद्याची राजधानी' ही पाटी बोंगाबोनच्या नावावर आहे.

बाहेरच्यांना हे नाव पूर्वी वेगळ्याच कारणाने माहीत होतं. 28 एप्रिल 1949 रोजी बोंगाबोनहून बालेरकडे जाणाऱ्या डोंगरी रस्त्यावर एका दिवंगत राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीच्या मोटारींवर गोळीबार झाला. त्या आणि त्यांची मुलगी ठार झाल्या. ठपका हुकबलाहाप या डाव्या शेतकरी बंडखोरांवर आला. त्या बंडाचं मूळ या प्रांतातल्या अर्धलीच्या शेतीत होतं. ऑक्टोबर 1972 च्या हुकूमनाम्याने कुळांना बागायत 3 किंवा जिरायत 5 हेक्टरांपर्यंत जमीन मालकीने मिळण्याचा रस्ता उघडला, पण फक्त भात आणि मक्याच्या जमिनीवर. कांदा या हिशेबात कुठेच नव्हता. तो आला भाताच्या मागून, दुसरं पीक म्हणून, लहान लहान तुकड्यांवर. जमीन कुळाच्या नावावर झाली, पण बी-खताची उचल व्यापाऱ्याकडूनच राहिली. पुढचं सगळं राजकारण या उचलीभोवती फिरतं.

हंगाम आपल्या शेतकऱ्याला ओळखीचा वाटेल. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गादीवाफ्यावर बी टाकायचं, पाच-सहा आठवड्यांचं रोप डिसेंबर-जानेवारीत लावायचं, वर भाताच्या पेंढ्याचं आच्छादन. काढणी फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत. पहिला धोका वाफ्यावरच असतो: उशिराचं वादळ आलं की पाणी साचतं, रोप बुडातून कुजून लोळतं आणि बियाण्याचा खर्च दुसऱ्यांदा करावा लागतो. कांद्याच्या माना, म्हणजे पातीचे बुडखे, पडू लागायच्या सुमारास पाणी तोडावं लागतं. तिथे हयगय झाली तर मान जाड राहते, नीट सुकत नाही आणि साठवणीत सड तिथूनच सुरू होते.

दुसरा धोका 'हाराबास', म्हणजे कांद्यावरची लष्करी अळी. मादी पातीवर पुंजक्याने अंडी घालते आणि बाहेर पडलेली बारीक अळी पोकळ पातीत शिरते. बाहेरून दिसतात ते फक्त पांढुरके, काचेसारखे चट्टे. पात उभी चिरली की आत हिरवी अळी आणि ओली विष्ठा सापडते. ती आत गेल्यावर फवारा वरून ओघळून जातो, म्हणून अंड्यांचे पुंजके हाताने तोडणं आणि अळी लहान असतानाच फवारणं, एवढाच खात्रीचा उपाय. 2016 च्या हंगामात या किडीने प्रांतातली शेतंच्या शेतं खाल्ली. उचल मात्र फेडायची राहिलीच.

काढलेला कांदा ठेवायचा कुठे? तिथल्या दमट हवेत आपल्यासारख्या चाळीचा भरवसा धरता येत नाही. लाल कांदा शून्याच्या जवळपास तापमानाच्या कोल्ड स्टोरेजमध्ये सहा महिने किंवा त्याहून जास्त टिकतो, पिवळा त्यापेक्षा कमी. पण स्टोरेजमधली जागा आधीच धरून ठेवावी लागते, भाडं भरावं लागतं, आणि उचल घेतलेल्याला तेवढं थांबता येत नाही. तो खळ्यावरच विकतो. ऑगस्टनंतरचा भाव ज्याच्याकडे जागा आहे त्याचा.

आता त्या परवान्याबद्दल, कारण सगळा गुंता तिथे आहे. 1955 च्या कायद्याने कांदा, बटाटा, लसूण आणि कोबी यांच्या आयातीला बंदी होती. सूट फक्त बियाण्यापुरती. जागतिक व्यापार संघटनेत गेल्यावर, 1996 मध्ये, ती बंदी उठवून तिच्या जागी आयातशुल्क आलं. कागदावर तेव्हापासून शुल्क भरा आणि कांदा आणा, इतकं सोपं. प्रत्यक्षात प्रत्येक खेपेला वनस्पती-आरोग्याचा आयात दाखला लागतो. हा दाखला परदेशी मालाबरोबर कीड-रोग येऊ नये म्हणून असतो. कृषी खात्याने मात्र तो तोटीसारखा वापरला: काढणीच्या तोंडावर दाखले बंद, टंचाईत चालू. किती टन आणि कधी, हे किडीवर ठरत नाही, बाजारभावावर ठरतं. दाखला म्हणायचा, वापरायचा कोटा म्हणून. कोटा उघडपणे जाहीर झाला असता तर त्याचे नियम तरी चव्हाट्यावर आले असते. दाखल्याला तशी सक्ती नव्हती.

2022 च्या अखेरीस ही तोटी वेळेवर उघडली नाही. डिसेंबरात मनिलाच्या बाजारात लाल कांदा किलोला 700 पेसोपर्यंत गेला. जानेवारी 2023 मध्ये 21,060 टनांच्या आयातीला मंजुरी मिळाली: 17,100 टन लाल आणि 3,960 टन पिवळा, म्हणजे देशाची साधारण महिन्याभराची गरज. माल 27 जानेवारीपर्यंत बंदरात हवा, अशी अट होती. म्हणजे बोंगाबोनच्या शेतात कांदा पोसत असताना. शहरी ग्राहकाच्या बाजूने या निर्णयाचं समर्थन करणारे म्हणतात की दुसरा इलाजच नव्हता. इलाज होता: सप्टेंबरातच दाखले देण्याचा. प्रत्यक्षात मंजूर मालाच्या पाव हिश्श्याच्या आसपासच माल आयात झाला, पण खरेदीदाराला खळ्यावर भाव पाडायला आयातीची बातमीच पुरते, जहाज लागत नाही. घाबरलेल्यांनी कांदा कोवळाच उपटला; तो बारीक, पातळ सालीचा, स्टोरेजला न टिकणारा. पुढच्या टंचाईची सोय अशी त्याच महिन्यात झाली.

नंतर संसदेत चौकशी झाली. 2024 मध्ये स्पर्धा-नियामकाच्या तपास विभागाने काही आयातदारांवर ठपका ठेवला की आयातीचे दाखले त्यांनी आपसात वाटून घेतले. त्याच वर्षीच्या नव्या कायद्याने कांद्याची मोठी तस्करी आणि साठेबाजी हा जन्मठेपेचा गुन्हा ठरला. आयात दाखल्याची पद्धत मात्र चालूच राहिली, आणि काढणीआधी दाखले कोणत्या तारखेला बंद होणार हे अजूनही शेतकऱ्याला रोप लावून झाल्यावरच कळतं.