परसातील कोंबडीपालन व भाजीबाग

घरालगतच्या मोकळ्या जागेत मुख्यतः घरच्या गरजेपुरत्या थोड्या कोंबड्या पाळणे आणि त्याच जागेत किंवा तिला लागून भाजीपाला पिकविणे, ही परस्परांना पूरक अशी दोन कामे. व्यापारी कुक्कुटपालनाहून ही पद्धत केवळ पक्ष्यांच्या संख्येमुळे वेगळी ठरत नाही. येथे विष्ठा टाकाऊ नसते, ती भाजीच्या वाफ्याला लागते. आणि वाफ्यातून निघालेले तण, जून पाने व किडकी फळे कोंबड्यांचे पूरक खाद्य होतात. हाच या पद्धतीचा मुख्य विशेष होय.

कोंबडी कोठे व केव्हा माणसाळली हा प्रश्न दीर्घकाळ वादाचा ठरला आहे. सर्व पाळीव कोंबड्या तांबड्या रानकोंबडीपासून (गॅलस गॅलस) उत्पन्न झाल्या असाव्यात, असे मत चार्ल्स डार्विन यांनी १८६८ मध्ये मांडले. २००८ मध्ये अनेक पाळीव जातींतील पिवळ्या कातडीचा जनुकप्रकार करड्या रानकोंबडीकडून आल्याचे आढळले. त्यामुळे एकच पूर्वज असल्याचे मत काहीसे दुरुस्त करावे लागले, पण मुख्य पूर्वजाविषयीचे अनुमान टिकून राहिले. २०२० मध्ये ८६३ पक्ष्यांच्या जनुकसंचांची तुलना प्रसिद्ध झाली. तीनुसार पाळीव कोंबडी गॅलस गॅलस स्पॅडिसियस या उपजातीला सर्वांत जवळची असून तिचा अधिवास आजचा नैर्ऋत्य चीन, उत्तर थायलंड व म्यानमार या पट्ट्यात आहे.

काळाबाबत मतभेद अधिक तीव्र आहेत. उत्तर चीनमधील सिशान येथील हाडांवरून हा काळ सुमारे ८,००० वर्षांपूर्वीचा मानला जाई, तर सिंधू संस्कृतीच्या स्थळांवरील हाडांवरून इ. स. पू. सुमारे २५०० ते २००० असा काळ सांगितला जाई. त्यांपैकी सिशानची बरीच हाडे तित्तिरकुलातील इतर पक्ष्यांची असावीत असे पुढील तपासणीत दिसले. सिंधू खोऱ्यातील हाडांबाबतही ती पाळीव पक्ष्यांची की रानकोंबड्यांची, हे ठरविणे कठीण असते. शिवाय कोंबडीचे हाड लहान व हलके असल्याने ते उंदीर-घुशींच्या बिळांतून खालच्या, जुन्या थरात सहज उतरते. २०२२ मध्ये अतिप्राचीन मानलेल्या २३ हाडांचे थेट कार्बन कालमापन झाले, तेव्हा त्यांतील बहुतेक समजुतीपेक्षा बरीच अलीकडची निघाली. त्याच वर्षी ८९ देशांतील ६०० हून अधिक स्थळांच्या फेरतपासणीतून मध्य थायलंडमधील बान नॉन वट येथील, सुमारे इ. स. पू. १६५० ते १२५० या काळातील हाडे सर्वांत जुनी निश्चित पाळीव कोंबड्यांची ठरविण्यात आली. त्या प्रदेशात पावसावरील भात व भरडधान्यांची लागवड सुरू झाल्यावर सांडलेल्या व साठविलेल्या दाण्यांच्या ओढीने रानकोंबड्या जंगलातून वस्तीजवळ आल्या असाव्यात, असे हे मत सांगते. उपलब्ध पुराव्यांशी तेच अधिक जुळते. ते स्वीकारल्यास कोंबडी आणि लागवडीची जागा यांचा संबंध पाळण्याच्या आरंभापासूनचा ठरतो.

यूरोपात कोंबडी इ. स. पू. सुमारे ८०० च्या आसपास पोहोचली. तेथे प्रारंभी ती खाण्यासाठी पाळत नसावेत. ब्रिटनमधील लोक कोंबडा खाणे निषिद्ध मानतात, असे ज्यूलियस सीझरने नोंदविले आहे. आधुनिक काळात दोन्ही महायुद्धांत अन्नटंचाईमुळे घरगुती भाजीबागांना व कोंबडीपालनाला सरकारी उत्तेजन मिळाले. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या कृषी खात्याने घरातील माणशी २ कोंबड्या पाळण्याचे आवाहन केले होते.

अंड्यांसाठी कोंबड्याची गरज नसते. तो केवळ फलित अंड्यांसाठी लागतो. तलंग (अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी) साधारणतः १८ ते २२ आठवड्यांची झाल्यावर अंडी घालू लागते. पूर्ण वाढलेली कोंबडी दिवसाला सुमारे १०० ते १२० ग्रॅम खाद्य खाते. केवळ स्वयंपाकघरातील उरलेसुरले व वाफ्यातील हिरवळ यांवर तिची प्रथिनांची व कॅल्शियमची गरज भागत नाही. कवच पातळ होणे हे त्याचे पहिले लक्षण होय. खुडूक (अंडी उबविण्यास बसलेल्या) कोंबडीखाली ठेवलेली फलित अंडी २१ दिवसांत उबतात.

विष्ठेचा वापर हा या पद्धतीचा कणा असून त्यात चुकाही सर्वाधिक होतात. पक्ष्यांत मूत्र वेगळे बाहेर पडत नाही. विष्ठेवर दिसणारा पांढरा थर हा यूरिक अम्लाचा असतो. त्याचे विघटन होऊन अमोनिया तयार होतो. खुराड्यातील नाकाला झोंबणारा वास त्याचाच होय. ताजी विष्ठा रोपांच्या मुळाशी घातल्यास पाने कडेने करपतात. तीत कार्बन व नायट्रोजन यांचे प्रमाण बहुधा १० : १ किंवा त्याहून कमी असते, तर चांगले कुजण्यास ते २५ ते ३० : १ असावे लागते. म्हणून तीत सुकी पाने, भुसा किंवा तूस भरपूर मिसळतात. ढीग ओलसर राखून, अधूनमधून खालीवर करून त्याचे आतील तापमान काही दिवस ५५ अंश से. किंवा त्याहून अधिक राहिले, तर साल्मोनेलासारखे रोगजंतू बहुतांशी मरतात. न कुजविलेली विष्ठा वापरल्यास मातीला टेकणाऱ्या भाज्यांची काढणी निदान १२० दिवसांनी व इतर भाज्यांची ९० दिवसांनी करावी, असा अमेरिकेच्या सेंद्रिय शेतीच्या नियमांतील दंडक आहे. घरगुती बागेतही तो पाळणे हितावह आहे. हे खत वर्षानुवर्षे भरपूर घातल्यास मातीत स्फुरद (फॉस्फरस) साचत जाते, याकडे सहसा लक्ष दिले जात नाही. टोमॅटोच्या फळाचे टोक काळे पडल्यास अंड्यांची टरफले मातीत टाकण्याचा उपाय सर्वत्र सांगितला जातो. परंतु टरफले फार सावकाश विरघळतात आणि या विकृतीचे कारण बहुधा अनियमित पाणी हेच असते.

कोंबड्या कीड वेचतात म्हणून त्यांना बागेत मोकळे सोडावे, हा सल्ला अर्धाच खरा आहे. कोंबडी पायाने दोन-तीनदा माती मागे ओढते, एक पाऊल मागे सरते आणि उघड्या पडलेल्या जागी टोचते. त्या टप्प्यात अळी, गांडूळ आणि नुकताच फुटलेला मोड यांत ती भेद करीत नाही. यासाठी पेरणीपासून काढणीपर्यंत वाफे जाळीने बंद ठेवून, पीक निघाल्यावर काही दिवस कोंबड्या आत सोडणे हीच पद्धत सोयीची ठरते.

रोगांपैकी मानमोडी सर्वांत घातक असून तिचा प्रसार झपाट्याने होतो. विषाणूजन्य अशा या रोगाची नोंद १९२६ मध्ये जावा बेटावर व इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे आणि १९२७ मध्ये राणीखेत येथे झाली; त्यामुळे तो न्यूकॅसल व राणीखेत या दोन्ही नावांनी ओळखला जातो. मान पिळवटणे हे लक्षण मराठी नावात उतरले आहे. लसीकरण हाच प्रभावी उपाय होय.

जुन्या रंगांचे पोपडे किंवा वाहनांचा धूर यांमुळे मातीत शिसे साठले असल्यास ते माती टोचणाऱ्या कोंबडीच्या पोटात जाऊन अंड्यात, विशेषतः बलकात, उतरते. अशा जागी माती आधी तपासून घेतात. शिसे आढळल्यास भाजीसाठी बाहेरून आणलेल्या मातीचे उंच वाफे करतात आणि कोंबड्यांचा वावर स्वच्छ मातीचा जाड थर टाकलेल्या भागापुरता ठेवतात.