सिल्हूट : काटकसरी मंत्री आणि मेणबत्तीची सावली

मावळत्या सूर्यासमोर उभ्या माणसाचा नुसता काळा आकार दिसला की आपण त्याला 'सिल्हूट' म्हणतो. हा शब्द एका फ्रेंच अर्थमंत्र्याच्या आडनावावरून आला, हेही अनेकांना ठाऊक असतं. पण त्याला हमखास एक चुकीची पुस्ती जोडली जाते, की ही कला त्यानंच शोधली. तसं मुळीच नाही. कॉरिंथचे ग्रीक कुंभार ख्रिस्तपूर्व सातव्या शतकातच भांड्यांवर काळ्या आकृत्या रंगवत होते. सावली गिरवून चेहरा उतरवण्याची युक्तीही या मंत्र्याच्या आधीची.

एतिएन द सिलुएत यांचा जन्म 1709 मध्ये लिमोज इथला. आडनाव बास्क मुळाचं. मार्च 1759 मध्ये राजा पंधराव्या लुईनं त्यांच्याकडे खजिना सोपवला तेव्हा सप्तवार्षिक युद्धानं फ्रान्स कंगाल झाला होता. सिलुएतनी श्रीमंतांवर आणि चैनीच्या वस्तूंवर कर बसवायचं ठरवलं, सोन्याचांदीची भांडी वितळवायला लावली. सरदार खवळले आणि नोव्हेंबरमध्येच त्यांना पायउतार व्हावं लागलं. पॅरिसकरांनी मग जे जे स्वस्त आणि कोतं, त्याला त्यांचं नाव दिलं. बिनखिशाच्या विजारीसुद्धा 'सिलुएत पद्धतीच्या' झाल्या! तैलचित्र न परवडणाऱ्यांची कागदी सावलीचित्रं त्याच माळेत गेली. ते स्वतः हौसेनं अशी चित्रं करत, असंही सांगितलं जातं. मला चेष्टेचा खुलासाच जास्त पटतो.

शब्दाइतकीच मला ती सावली आवडते. पाठ्यपुस्तकात आपण प्रच्छाया (मधली गडद सावली) आणि उपच्छाया (कडेची फिकट सावली) शिकतो, पण ग्रहणापुरत्याच. प्रकाशाचा स्रोत बिंदूएवढा असता तर सावलीची कड सुरीनं कापल्यासारखी पडली असती. प्रत्यक्षात स्रोताला रुंदी असते. त्यामुळे कडेला एक पट्टा असा येतो, जिथून स्रोताचा थोडाच भाग दिसतो. तीच उपच्छाया. तिची रुंदी काढणं सोपं आहे : वस्तूपासून कागदाचं अंतर भागिले स्रोतापासून वस्तूचं अंतर, गुणिले स्रोताची रुंदी.

चेहरा उतरवताना माणूस मेणबत्ती आणि कागद यांच्या मध्ये बसतो आणि कागदावरची सावली गिरवली जाते. समजा, मेणबत्तीची ज्योत 1 सेंटिमीटर रुंद आहे आणि चेहऱ्यापासून 2 मीटर दूर आहे. खांदा कागदाला टेकवून बसलं तरी नाकाची रेषा कागदापासून साधारण 20 सेंटिमीटरवर राहते. म्हणजे कड 1 मिलिमीटर पुसट आणि सावली मूळ चेहऱ्याच्या 1.1 पट. मेणबत्ती अर्ध्या मीटरवर आणली तर पुसटपणा 4 मिलिमीटर आणि सावली 1.4 पट. पापणी, ओठांची चीर, सगळं त्यात विरघळून जातं.

आता सूर्य घ्या. तो आकाशात सुमारे अर्धा अंश रुंद दिसतो, म्हणजे अंतर आणि रुंदीचं गुणोत्तर 107 ला 1. आपल्या मेणबत्तीचं 200 ला 1. त्याच 20 सेंटिमीटरवर सूर्याची उपच्छाया जवळजवळ 1.9 मिलिमीटर येते. दोन मीटरवरची क्षुल्लक ज्योत सूर्यापेक्षा रेखीव सावली पाडते! आणखी बारकावा असा की ज्योत रुंदीपेक्षा उंच असते. म्हणून कपाळ-नाकाची उभी कड स्पष्ट येते, पण हनुवटीखालची आडवी कड त्याच सावलीत जास्त पुसट होते. ज्योत 3 सेंटिमीटर उंच असेल तर तिप्पट.

कुडाळजवळच्या पिंगुळीत चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करणारे ठाकर कलावंत बाहुली पडद्याला चिकटवून धरतात, तिथंही हेच गणित आहे. पडद्यापासूनचं अंतर शून्याकडे नेलं की उपच्छायाही शून्याकडे जाते.

या सोप्या, सुंदर भूमितीवर एक खोटं शास्त्रही उभं राहिलं. स्वित्झर्लंडचे धर्मोपदेशक लाव्हाटर यांनी 1775 पासून ग्रंथ काढून, चेहऱ्याच्या रेषेवरून स्वभाव वाचता येतो असा प्रचार केला. सावली नीट उतरावी म्हणून खास खुर्चीही वापरली. मोजमाप नेटकं होतं, निष्कर्ष निराधार. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ लिश्टेनबर्ग यांनी तेव्हाच त्यावर कडाडून टीका केली. तरी 1831 मध्ये 'बीगल' जहाजाचा कप्तान फिट्झरॉय, असं नाक असलेल्या माणसात सफरीला लागणारी चिकाटी असेल का, या शंकेनं डार्विनला जवळजवळ नाकारणार होता. आज फोटोवरून स्वभाव सांगणारी ॲप आणि सामुद्रिकाच्या नावानं चाललेली दुकानं याच घराण्यातली आहेत. मुलाला नोकरी द्यायची की नाही, लग्न जुळवायचं की नाही, हे नाकाच्या वळणावर ठरवणं हा अन्याय आहे.

1839 मध्ये फ्रान्सच्या दागेरचं छायाचित्रण जाहीर झालं आणि सावली गिरवणाऱ्यांचा धंदा हळूहळू बसला. आजच्या फोटोतलं सिल्हूट तर सावलीच नव्हे. आकाश आणि माणूस यांच्या उजेडातला फरक कॅमेऱ्याच्या संवेदकाला एकाच वेळी पेलत नाही. आकाशाला धरून प्रकाश मोजला की माणूस काळा पडतो, आणि त्याची कड किती रेखीव यावी हे उपच्छाया नव्हे, तर भिंगाचा फोकस ठरवतो.