अकरा वाजताची भूक

सोळा तास उपास, आठ तासांत खाणं, अशा सोळा-आठचा तिसरा दिवस होता. रात्री आठला जेवून उठायचं, मग दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत पाण्याशिवाय काही नाही, असा नेम धरला होता. सव्वाअकराला शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने सरळसाधा प्रश्न विचारला, की कालच्या तक्त्यातला तिसरा रकाना कुठे गेला. मी त्याला दिलेलं उत्तर इथे लिहिण्यासारखं नाही. तो काही बोलला नाही. डब्यातली तूपसाखर-पोळीची सुरळी पुढे केली आणि म्हणाला, "खा आधी."

नेम म्हणजे नेम, म्हणून मी नको म्हटलं आणि घड्याळाकडे बघत बसलो. गंमत अशी, की बाराच्या सुमारास भूक आपोआप ओसरली. सव्वाअकराला पोटात ओरडणारे कावळे ताट पुढ्यात आलं तेव्हा गप्प होते. खाल्लं काहीच नव्हतं, मग भूक गेली कुठे?

अशा वेळी आपल्याकडे "साखर पडली" म्हणायची पद्धत आहे. मधुमेहाची औषधं न घेणाऱ्या निरोगी माणसात पंधरा तासांच्या उपासाने साखर धोक्याच्या पातळीपर्यंत पडत नाही. यकृतात साधारण १०० ग्रॅम साठवणीची साखर असते, ग्लायकोजेनच्या रूपात. आपण झोपलेले असताना यकृत त्यातून थोडी थोडी रक्तात सोडत राहतं. ही कोठी रिकामी होत आली की तेच यकृत इतर मालापासून नवी साखर बनवू लागतं, आणि चरबी वितळवून त्यातून कीटोन नावाचं पर्यायी इंधनही तयार करतं. शेवटच्या घासानंतर बारा तासांपासून पुढे हा बदल हळूहळू होत जातो. कोणात लवकर, कोणात उशिरा. आदल्या रात्री काय जेवलात आणि सकाळी किती चाललात यावर ते ठरतं. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण खर्चाचा वाटा २० टक्के. त्यामुळे त्याचा शिधा तुटू नये याची काळजी शरीर सगळ्यात आधी घेतं.

तर सव्वाअकराला जे झालं ते इंधन संपल्यामुळे नव्हतं. तो घ्रेलिनचा प्रताप. जठरातून निघणारं हे भुकेचं संप्रेरक १९९९ साली जपानमध्ये कोजिमा आणि कांगावा यांनी शोधलं. ते भरतीसारखं येतं. ज्या वेळी रोज खायची सवय असते त्या वेळेच्या आसपास चढतं आणि काही पोटात गेलं नाही तरी थोड्या वेळाने उतरतं. चोवीस तासांहून जास्त काळ उपाशी ठेवलेल्या स्वयंसेवकांच्या रक्तातही न्याहारीच्या, दुपारच्या आणि संध्याकाळच्या जेवणाच्या वेळेला या लाटा दिसल्या आहेत. माझी कितीतरी वर्षांची अकराच्या चहा-बिस्किटांची सवय माझ्या जठराने पाठ करून ठेवली होती, एवढंच. वेळ बदलली की काही दिवसांत जठरही नवी वेळ शिकतं. पहिला आठवडा सगळ्यांना जड जातो आणि नंतर "आता काही वाटत नाही" असं लोक सांगतात, त्यामागे हे मोठं कारण आहे.

चिडचीड मात्र खरी असते. २०२२ साली छापून आलेल्या एका अभ्यासात मध्य युरोपातल्या ६४ जणांना २१ दिवस फोनवरून दिवसातून अनेकदा विचारलं गेलं, की आत्ता भूक किती आहे आणि मन कसं आहे. भूक वाढली की राग आणि चिडचीड वाढत होती, हे त्यातून स्पष्ट दिसलं. डोकं चालेनासं होतं का, हा प्रश्न निराळा. ऑकलंड विद्यापीठातल्या डेव्हिड मोरो यांनी सहकाऱ्यासह अशा सत्तरेक अभ्यासांची २०२५ मध्ये एकत्र छाननी केली. त्यात निरोगी प्रौढांच्या लक्षात, स्मरणात आणि निर्णयात थोड्या वेळाच्या उपासाने फारसा फरक पडलेला दिसला नाही. म्हणजे मला तो रकाना सापडला असता, नीट बोलणं तेवढं जमलं नसतं.

आणि पित्त? "मला उपास सोसत नाही, पित्त होतं" हे वाक्य आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं. या एका शब्दात आपण किमान चार वेगळी दुखणी कोंबली आहेत. एक म्हणजे खरंच आम्लपित्त, छातीत जळजळ. दुसरी अर्धशिशी, जिचं जेवण चुकवल्याने उठणं डॉक्टरांना चांगलंच ठाऊक आहे. तिसरं कारण चहा. शेवटचा कप संध्याकाळी पाचला आणि पुढचा दुसऱ्या दिवशी बाराला, म्हणजे मध्ये एकोणीस तास गेले. कॅफीनची सवय असलेल्या डोक्याला बारा ते चोवीस तासांत ठणका लागतो. यावर बिनसाखरेचा कोरा चहा चालतो. पहिले दोन दिवस तो औषधासारखा लागतो, मग जमतो. चौथं कारण मीठ-पाणी. उपाशीपोटी इन्सुलिन खाली येतं, तेव्हा मूत्रपिंडं सोडियम आणि त्याबरोबर पाणी बाहेर टाकू लागतात. उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, हातपाय गळतात, ते पुष्कळदा यामुळे. पहिल्या आठवड्यात काटा दीड-दोन किलो खाली आला म्हणून पेढे वाटणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावं. ग्लायकोजेनचा प्रत्येक ग्रॅम जवळजवळ तीन ग्रॅम पाणी धरून असतो. कोठी रिकामी झाली की ते पाणीही जातं. चरबी अजून बऱ्यापैकी जागेवरच असते.

मन आणि उपास यांच्याबद्दल सगळ्यात बोलका प्रयोग उपासाचा नव्हताच, तो अपुऱ्या जेवणाचा होता. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. युद्धात लढायला विवेकापोटी नकार दिलेले हे तरुण स्वखुशीने आले होते. दिवसाला सरासरी १,५७० कॅलरी, आठवड्याला पस्तीसेक किलोमीटर चालणं. त्यांचं वजन पाव हिश्श्याने घटलं, पण नोंदवह्या भरल्या त्या मनाच्या अवस्थांनी. उदासी, एकलकोंडेपणा, क्षुल्लक गोष्टींवरून भडका. जेवण पाण्याने वाढवून पुरवून पुरवून खाणं, ताटल्या चाटणं. कधी स्वयंपाकघरात पाऊल न टाकलेली मुलं पाककृतींची पुस्तकं जमवू लागली. १,५७० हा आकडा पुन्हा बघा. आज वजन कमी करण्याच्या कित्येक तक्त्यांत याहून कमी आकडा लिहिलेला असतो, वर जिमही असतं. सोळा तास उपाशी राहून उरलेल्या आठ तासांत कोशिंबीर आणि दोन फुलके खाणाऱ्याला तीन आठवड्यांनी सगळ्या जगाचा वीट आला, तर दोष सोळा तासांचा नाही. त्या आठ तासांतल्या ताटाचा आहे.

ताटाचं दुसरं टोक म्हणजे आपली एकादशी. "एकादशी दुप्पट खाशी" ही म्हण उगाच पडलेली नाही. साबुदाणा हा टॅपिओकाच्या कंदाचा जवळजवळ निव्वळ स्टार्च. शंभर ग्रॅममध्ये साधारण ३५० कॅलरी आणि प्रथिनं एक ग्रॅमही नाहीत. घरच्या मध्यम बशीभर खिचडीत तूप, बटाटा, कूट धरून पाचशे कॅलरी सहज जातात, आणि त्यातली जी काही प्रथिनं आहेत ती शेंगदाण्याच्या कुटाची. (तो कंद, बटाटा, शेंगदाणा, मिरची हे सगळं दक्षिण-मध्य अमेरिकेतलं. पोर्तुगिजांची जहाजं आली नसती तर आपल्या उपासाच्या ताटात काय वाढलं असतं कोण जाणे.) त्यापेक्षा राजगिरा बरा. त्यात शंभर ग्रॅमला तेरा-चौदा ग्रॅम प्रथिनं असतात. राजगिऱ्याची भाकरी आणि दही, किंवा भगर आणि दाण्याची आमटी, हे आपल्याच घरातले चांगले पर्याय. माझी तक्रार धर्माच्या उपासाशी नाही. त्याचा हेतू वजनकाट्याशी कधी बांधलेला नव्हता. सोळा-आठ करणारा सोळा तासांचं पारणं त्याच खिचडीने फेडतो, तेव्हा हरकत येते. रिकाम्या पोटी एवढा स्टार्च गेला की साखर झपकन चढते, मग उतरते, आणि तीन वाजता टेबलावर डोकं टेकावंसं वाटतं. दिवसभर "एनर्जी" नसण्याचं खापर मग उपासावर फुटतं.

प्रथिनांचा हट्ट मी का धरतो त्याला पुण्यातला एक फोटो कारण आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधले डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी एकच, २२.३. शरीरातली चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये हे छापून आलं आणि वाय-वाय विरोधाभास म्हणून गाजलं. आपण वरून सडपातळ, आतून चरबीचे, आणि स्नायूंचं भांडवल मुळातच कमी. जेवणानंतर रक्तात आलेली साखर मुख्यतः स्नायू उचलतात. तेव्हा वजन उतरवताना स्नायू गमावणं आपल्याला इतरांहून महाग पडतं.

आणि ते गमावले जाऊ शकतात. अमेरिकेत ११६ जणांवर बारा आठवडे चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२० साली छापून आले. एका गटाने फक्त दुपारी १२ ते रात्री ८ खायचं, दुसऱ्याने दिवसाकाठी तीनदा. काय खायचं, किती खायचं हे कोणालाच सांगितलं नाही. दोन्ही गटांच्या वजनातला फरक नगण्य निघाला. उलट सोळा-आठवाल्यांतल्या ज्यांची बारकाईने तपासणी झाली, त्यांच्या घटलेल्या वजनाचा मोठा भाग चरबी नव्हताच. राष्ट्रीय पोषण संस्थेचा हिशेब प्रौढांसाठी किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनांचा आहे. साठ किलोच्या माणसाला पन्नासेक ग्रॅम. तीन जेवणांची दोन केलीत की प्रत्येक ताटात पंचवीस आले पाहिजेत. दोन पोळ्या, वाटीभर घट्ट वरण, वाटीभर मटकीची उसळ आणि वाटीभर दही, एवढं झालं की ती बेरीज जमते. अंडी किंवा मासळी खाणाऱ्यांचं काम आणखी सोपं. सोबत आठवड्यातून दोन-तीनदा वजन उचलणं, जोर-बैठका, काहीतरी. त्याशिवाय स्नायूंना थांबायचं कारण उरत नाही.

आठ तास कुठले, याकडे कोणी फारसं बघत नाही. आपले बहुतेक जण न्याहारी सोडतात, कारण सकाळी गडबड असते आणि रात्रीचं जेवण सोडणं जिवावर येतं. अमेरिकेतल्या संशोधक कोर्टनी पीटरसन यांच्या गटाने उलटं करून पाहिलं, ते २०१८ साली छापून आलं. मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे आठ पुरुष, सगळं खाणं सकाळपासून सहा तासांत, शेवटचं जेवण दुपारी तीनच्या आत. वजन मुद्दाम घटू दिलं नाही. तरी पाच आठवड्यांत इन्सुलिनचं काम सुधारलं, रक्तदाब उतरला, आणि संध्याकाळची भूकही कमी झाली. आठच माणसं, त्यामुळे फार उड्या मारायला नकोत. पण इन्सुलिन बनवणारं स्वादुपिंड सकाळी ताजंतवानं आणि रात्री सुस्त असतं, हे इतर अनेक अभ्यासांशी जुळतं. चौविहार पाळणाऱ्या, म्हणजे सूर्यास्तानंतर काही न खाणाऱ्या, आमच्या जैन शेजाऱ्यांना यात काही नवीन वाटणार नाही. मात्र चीनमधल्या ग्वांगजो इथे १३९ लठ्ठ व्यक्तींवर वर्षभर चाललेल्या आणि २०२२ मध्ये छापून आलेल्या चाचणीत सकाळी ८ ते दुपारी ४ ही वेळ पाळूनही वजनात वेगळा लाभ दिसला नाही. दोन्ही गटांच्या कॅलरी सारख्याच कमी केल्या होत्या. वेळ पाळणारा गट आठ किलो उतरला, न पाळणारा सव्वासहा, आणि हा फरक योगायोगाच्या पलीकडे गेला नाही.

आपल्याकडे काही वर्षांपूर्वी डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा आहार की ऋजुता दिवेकरांचा यावरून घरात ताटं वेगळी व्हायची वेळ आली होती. दोनदाच, पंचावन्न मिनिटांत जेवा, की दर दोन तासांनी थोडं थोडं खा? माझं मत विचाराल तर दिवसभर चहा, फरसाण, बिस्किटं चरणाऱ्याला पहिल्या पद्धतीचा फायदा होतो, कारण चरणं थांबतं. दुपारी चारला हमखास अर्धशिशी उठणाऱ्या बाईने ती हट्टाने पाळू नये.

काहींनी मात्र यात स्वतःच्या मनाने पडूच नये. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया, वाढीची मुलं, आधीच कृश असलेले, खाण्याच्या विकारातून गेलेले. आणि मधुमेही. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन जेवण लांबवलं तर साखर खरोखर पडते, आणि तेव्हाची थरथर, घाम, भ्रमिष्टपणा हा घ्रेलिनचा खेळ नसतो. तिथे लगेच साखर द्यावी लागते. डॅपाग्लिफ्लोझिनच्या जातीच्या गोळ्यांवर लांबलेल्या उपासात रक्तात आम्ल साचण्याचा धोका असतो. एकादशीला गोळी घ्यायची की नाही हा प्रश्न आदल्या दिवशी डॉक्टरांना विचारायचा, घरातल्या काकूंना नाही.

मी स्वतः आता सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेसातवर आलो आहे. दहा तास. अकराची बिस्किटं सुटली, न्याहारीला दोन अंडी आली. अडचण एकच उरली आहे. घरची पंगत नऊला बसते, तेव्हा मी ताटाऐवजी पाण्याचा तांब्या घेऊन बसतो. आई पहिला आठवडाभर काही बोलली नाही. दुसऱ्या शनिवारी तिने थालीपीठ लावलं, वर लोण्याचा गोळा ठेवला, आणि ताट सरळ माझ्यापुढे सरकवलं. घड्याळात सव्वानऊ झाले होते. मी खाल्लं.