पान करपलंय, पण उन्हाने की क्षाराने?

मार्च-एप्रिलमध्ये बाल्कनीतल्या जास्वंदीची पानं तपकिरी पडली की बहुतेक जण लगेच कात्री चालवतात आणि वर मूठभर खत टाकतात. पान उन्हाने भाजलं असेल तर कात्री नडते, क्षाराने करपलं असेल तर खत. म्हणून आधी पान नीट बघायचं.

उन्हाचा डाग अचानक येतो. मार्चमध्ये मुंबईवर जमिनीकडचे कोरडे पूर्ववारे जोर धरतात, समुद्राचा वारा उशिरा सुटतो आणि पारा एकदम चढतो. सांताक्रूझला २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंशांची नोंद झाली होती. अशी एखादी दुपार पान भाजायला पुरते. ऊन थेट पडतं तिथे आधी पांढरट चट्टा उमटतो, मग तो भाग कागदासारखा कोरडा होतो. हे होतं फक्त ग्रिलकडच्या बाजूला आणि वरच्या पानांवर. आतली, सावलीतली पानं हिरवीगार असतात. समोरच्या टॉवरच्या काचांवरून परतून येणारं ऊन आणि शेजारच्या एसीच्या आउटडोअर युनिटची गरम हवाही हेच करतात.

क्षाराचं काम सावकाश, आठवडेच्या आठवडे चालतं. पान टोकाला करपतं, मग तपकिरी रंग कडेकडेने आत सरकतो. सुरुवात बहुधा जुन्या, खालच्या पानांपासून होते आणि झाडाची कुठलीच बाजू सुटत नाही. मातीवर किंवा मातीच्या कुंडीच्या बाहेरून पांढरी पुटं दिसतात. पक्की खूण म्हणजे माती ओली असूनही झाड मलूल. मातीत क्षार वाढले की मुळांना पाणी ओढता येत नाही.

भातसा, तानसा, वैतरणेचं पालिकेचं पाणी गोडं असतं, मग क्षार येतात कुठून? अनेक सोसायट्यांत बागेला बोअरवेलचं नाहीतर टँकरचं पाणी घालतात आणि ते बऱ्याचदा मचूळ असतं. त्यात दर पंधरवड्याची रासायनिक खताची पुडी आणि न धुतलेलं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. गच्चीवरच्या कुंड्या पावसाळ्यात आपोआप धुऊन निघतात. छज्ज्याखालच्या कुंड्यांवर मात्र पाऊस पडतच नाही, वर्षानुवर्षांचे क्षार तिथेच साठतात. वरळी-वर्सोव्याला खारा वारा थेट पानांवर बसतो आणि फक्त पश्चिमेची बाजू करपते, तेव्हा घोळ होतो, कारण दुपारचं ऊनही तिकडूनच येतं. अशा वेळी करपणं कडेने आहे की चट्ट्याचं, ते बघावं. वाऱ्याचा खार असेल तर पानं अधूनमधून साध्या पाण्याने धुवावीत.

उन्हाने भाजलेल्या झाडाला फारसं काही लागत नाही. पन्नास टक्के ऊन अडवणारी हिरवी जाळी बांधा, पाणी सकाळी लवकर घाला. करपलेली पानं तशीच राहू द्या, ती खालच्या पानांवर सावली धरतात. कुंडी फिरवूही नका, नाहीतर सावलीत वाढलेली कोवळी बाजू उन्हात येईल. थंड देशांत वसंतातल्या उशिराच्या हिमाने झुडपं काळवंडली तर नवी फूट दिसेपर्यंत छाटू नका असं सांगतात. मुंबईत हिम कुठलं, सांताक्रूझची नीचांकी नोंदच ७.४ अंशांची आहे, जानेवारी १९६२ मधली. पण तेवढा सल्ला इथल्या उन्हाळ्याला चपखल बसतो. फांदी मेली वाटली तर नखाने साल किंचित खरवडा. आत हिरवं असेल तर थांबा. छाटणी जूनचा पाऊस स्थिरावल्यावर करा, खतही नवी फूट आल्यावरच.

क्षाराच्या बाबतीत मात्र थांबण्यात नुकसान आहे. खत त्याच दिवशी बंद. वरची पांढरी पापुद्र्याची माती खरवडून टाका आणि कुंडीत मावेल त्याच्या दुप्पट गोडं पाणी हळूहळू ओतून तळातून वाहू द्या. हे न्हाणीघरात करावं, खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या चादरी आठवून. ताटलीत साचलेलं पाणी फेकून द्यायचं, नाहीतर तोच क्षार परत वर चढतो. कण्हेर आणि बोगनवेल बराच खार सोसतात, अनंत अजिबात नाही. त्यामुळे गोडं पाणी मोजकंच असेल तर ते आधी अनंताला द्या.

आणि दोन्ही खुणा एकाच झाडावर दिसल्या, जे मे महिन्यात सर्रास होतं, तर आधी कुंडी सावलीत न्या, मग धुवा.