गालिच्याला च्युइंगम चिकटले तर

गालिच्यावर च्युइंगम दिसले की हात आपोआप ते ओढायला जातो. तो हात आधी आवरा. ओढल्यावर त्याच्या तारा निघतात, त्या शेजारच्या तंतूंना गुंडाळतात आणि रुपयाएवढा डाग तळहाताएवढा होतो. च्युइंगममुळे गालिचा कायमचा खराब होणे तसे दुर्मीळ. तो खराब होतो घाईत केलेल्या उपायांनी. आम्ही गालिचे साफ करून देतो, म्हणून हे पत्रक लिहिले आहे. ते घरात हाताशी ठेवा.

पाण्याने ते का निघत नाही

च्युइंगममधली साखर आणि स्वाद चघळतानाच विरघळून जातात. मागे उरतो तो रबरासारखा चिकट गोळा, आणि तो पाण्यात विरघळत नाही. ओले फडके कितीही घासले तरी फक्त तंतू पिंजून निघतात. हा गोळा उष्णतेने मऊ होऊन खाली उतरतो आणि थंडीने कडक, ठिसूळ होतो. सगळे काम या ठिसूळपणावर चालते. इस्त्री किंवा हेअर ड्रायर यासाठीच नको: वरचे थोडे निघाल्यासारखे वाटते, पण बाकीचे तंतूंच्या मुळाशी जाऊन बसते. शिवाय पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या धाग्याचा गालिचा इस्त्रीने वितळतो, आणि वितळलेला तंतू पुन्हा नीट होत नाही.

बर्फाचे काम

पाच-सहा बर्फाचे तुकडे एकात एक घातलेल्या दोन प्लास्टिक पिशव्यांत भरा. बाहेरून पिशवी कोरडी पुसा आणि च्युइंगमवर 15 ते 20 मिनिटे ठेवा. वर जाड टॉवेल टाका. आपल्याकडची हवा इतकी दमट असते की थंड पिशवीवर लगेच दव धरते आणि ते पाणी गालिच्यात झिरपते, म्हणून दर पाच मिनिटांनी पिशवी उचलून पुसायला विसरू नका. एवढा वेळ पंखा बंद ठेवलेला बरा.

नखाने दाबून पाहा. खळगा पडत असेल तर अजून थांबा. मे महिन्यात साध्या बर्फाने काम भागले नाही, तर तीन भाग बर्फाच्या चुऱ्यात एक भाग आगरातले खडे मीठ मिसळा. हे मिश्रण शून्याच्या बरेच खाली जाते. ते उघड्या हाताने धरू नका, कातडी पोळते. पिशवी फुटणार नाही याचीही काळजी घ्या, कारण गालिच्यात सांडलेले मीठ पावसाळाभर ओल ओढत राहते.

कडक झाल्यावर हाती फार तर एक-दोन मिनिटे असतात. चमच्याच्या पाठीने गोळ्यावर टिचक्या मारून तो फोडा. मग बोथट सुरीने कडेकडून मध्याकडे, तंतूंच्या दिशेने खरवडा. सुटलेले कण लगेच व्हॅक्यूमने ओढा किंवा चिमट्याने उचला. हे कण तिथेच राहिले तर दोन मिनिटांत गरम होऊन पुन्हा चिकटतात, आणि बहुतेकांचे काम इथेच फसते. मऊ च्युइंगमवर मात्र व्हॅक्यूम कधीच चालवू नका. गोळा परत मऊ वाटला की थांबा, पुन्हा बर्फ ठेवा. जुन्या, पायाखाली चेपलेल्या च्युइंगमला अशा तीन-चार फेऱ्या लागतात.

पायपुसणे किंवा गाडीतली सुटी मॅट असेल तर पिशवीत गुंडाळून दोन तास फ्रीझरमध्ये ठेवा, मग मागून वाकवा. बराचसा गोळा आपणहून तडकतो. गाडी उन्हात उभी असेल तर आधी सावलीत घ्या.

मागे राहणारा चिकट पापुद्रा

गोळा निघाला तरी तंतूंवर पातळ थर राहतो. तो तसाच सोडला तर आपली तांबडी माती त्यावर बसते आणि महिनाभरात तिथे काळपट ठिपका दिसतो.

औषधाच्या दुकानातले आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. आधी गालिच्याच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यावर भिजवलेले पांढरे फडके दहा सेकंद दाबा. फडक्यावर रंग उतरला तर पुढे जाऊ नका. रंग पक्का असेल तर पुढे जा, पण डागावर अल्कोहोल कधीही ओतू नका. फडक्यावर चमचाभर घेऊन टिपत राहा, दर वेळी फडक्याची स्वच्छ बाजू वापरा. खिडक्या उघड्या हव्यात, समई, अगरबत्ती आणि गॅस बंद हवा.

ओतू नका असे का सांगतो? बऱ्याच गालिच्यांचे मागचे कापड लॅटेक्सच्या, म्हणजे रबरी चिकाच्या थराने चिकटवलेले असते. द्रावक तिथपर्यंत पोहोचला की तो थर सुटतो आणि गालिचा फुगे धरतो. रॉकेल, पेट्रोल, थिनर नेमके हेच करतात, वर आगीची भीती. नेलपॉलिश रिमूव्हरने काही कृत्रिम तंतू विरघळतातच.

खोबरेल तेल प्रत्येक घरात असते आणि ते च्युइंगम मऊही करते, हे खरे. पण तेल गालिच्यातून काढणे हे च्युइंगम काढण्याहून जास्त कष्टाचे काम आहे. लावू नका.

शेवटी 200 मिलिलिटर कोमट पाण्यात पाव चहाचा चमचा रंगहीन भांड्यांचा लिक्विड साबण घालून फडक्याने टिपा, मग साध्या पाण्याने दोनदा टिपा. साबण जास्त झाला तर तोच चिकट राहून धूळ ओढतो. कोरडे फडके घडी करून वर वजन ठेवा आणि पंखा लावा. जून ते सप्टेंबर या काळात गालिचा दिवसभर ओला राहिला तर कुबट वास येतो, म्हणून पावसाळ्यात पाणी शक्य तितके कमी वापरा.

गालिचा पाहून हात घाला

लग्नाच्या हॉलमधला लाल गालिचा विणलेला नसतो. त्याचे तंतू एकमेकांत गुंतवून दाबलेले असतात. खरवडताना तंतूच उपटून येतो, तेव्हा फोडण्यावर भर द्या. फासांच्या विणीच्या गालिच्याला कात्री लावू नका, एक फास तुटला की ओळ उसवत जाते. लोकरी गालिच्याला ब्लीच किंवा सोडा चालत नाही. रेशमी, व्हिस्कोजच्या (कृत्रिम रेशमाच्या) आणि उत्तर प्रदेशातल्या भदोहीच्या हाताने गाठी मारलेल्या गालिच्याला बर्फ लावून गोळा काढा, पापुद्रा आमच्यावर सोडा. व्हिस्कोज ओले झाले की तंतू कमजोर होतात आणि डाग जाऊन त्या जागी कडक चट्टा राहतो.

आम्हाला बोलावताना तीन गोष्टी सांगा: च्युइंगम कधी पडले, गालिच्यामागच्या लेबलवर काय लिहिले आहे, आणि आतापर्यंत त्यावर काय काय लावले. तेल किंवा रॉकेल लावले असेल तर संकोच न करता सांगा. कुठला द्रावक वापरायचा हे त्यावरूनच ठरते.